ढवळीला हाक मारणारा

तो माणूस खुर्चीवर नीट बसलेला मी कधी पाहिला नाही. खुर्ची होती त्याला, चांगली फिरती होती, पण तिच्यावर त्याची पिशवी बसायची. तो स्वतः टेबलाभोवती फिरायचा. उभ्या उभ्या कीबोर्ड बडवायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि तोही अर्धाच. उरलेला अर्धा मी ओतून द्यायचे. शेवटी कंटाळून मी त्याला कपच अर्धा भरून द्यायला लागले, तर तो त्यातलाही अर्धा ठेवायचा.

सुरतेजवळ कडोदऱ्याला एका डाईंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये मी ऑफिस झाडायचे आणि चहापाणी बघायचे. प्लेग होऊन गेला होता, गावाला पळालेली माणसं परत आली होती, रिंग रोडचा बाजार पुन्हा जोरात होता. त्याच दिवसांत शेठने ऑफिसात कॉम्प्युटर आणले आणि त्यांच्याबरोबर हा माणूस आला. तो शिंदखेड्याकडचा, मी अमळनेरकडची. राहायला दोघं लिंबायतला, एकाच गल्लीत. सकाळी तो माझ्या दारावरून जाताना हाक मारायचा आणि आम्ही एकाच शटल रिक्षाने कामावर जायचो. रिक्षातही तो टेकून बसायचा नाही. पुढच्या दांडीला धरून असा पुढे वाकायचा, जणू ओढून नेतोय रिक्षा. मला बघूनच धाप लागायची.

वयाने तो माझ्याहून लहान. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला आक्का. पाठीमागे मी त्याला हाक्या म्हणायचे. आता मी म्हातारी झाले, तोही झाला असेल, आता लपवून काय करायचं?

हाक्या का, ते सांगते. ऑफिसात आठ-दहा कॉम्प्युटर होते आणि त्याने प्रत्येकाला गायीचं नाव दिलं होतं. बिलांचा कॉम्प्युटर कपिली. ग्रे कापड, म्हणजे मागावरून निघालेलं कोरं कापड, त्याच्या आवकेचा भुरी. रंगखात्यातला तांबू. धाकट्या शेठच्या टेबलावरचा हरणी. आणि काचेच्या खोलीत एकटा ठेवलेला मोठा, तो ढवळी. मी एकदा म्हटलं, "भाऊ, सगळेच तर पांढरे आहेत. मग ही एकटीच ढवळी कशी?"

"आक्का, तुमच्या घरात सगळेच काळे. मग एकट्या दिराचंच नाव काळू कसं?"

मी झाडू घेऊन पुढे सरकले.

ही नावं नुसती गमतीची नव्हती. त्याने मला एकदा समजावलं होतं, आणि चौथी शिकलेल्या बाईला समजलं म्हणजे त्याने नीटच समजावलं असणार. प्रत्येक कॉम्प्युटरला आत एक लांबलचक आकडा असतो. तारेतून एकमेकांशी बोलायचं तर तो आकडा माहीत हवा. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं. कुठलं नाव म्हणजे कुठला आकडा, हे एकट्या ढवळीला ठाऊक. मेहताजी, म्हणजे आमचे हिशोबाचे कारकून, कपिली असं टाईप करायचे. मग ढवळी सांगायची कपिली कुठे बसली आहे. याला ते लोक नेम सर्व्हर म्हणत. लाईट गेली आणि परत आली की कॉम्प्युटर सगळे चालू व्हायचे, पण नेम सर्व्हर चालू व्हायचा नाही. तो हाक्याने स्वतःच्या हाताने चालू करायचा. तोवर घरात सगळी जागी, पण कोणी कोणाला ओळखत नाही, अशी गत. बिल निघायचं नाही, चलान निघायचं नाही, माल भरलेला टेम्पो गेटवर उभा.

सकाळी तो यायचा. काचेच्या खोलीबाहेर चप्पल काढायचा. मी विचारलं होतं, "देऊळ आहे का ते?" तर म्हणाला, "गोठा आहे." आत जाऊन कीबोर्डवर बोटं आपटायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "ऊठ वं ढवळी, ऊठ." मग एकेकीचं नाव टाईप करायचं आणि तोंडानेही घ्यायचं. "कपिली!" पडद्यावर उत्तर उमटलं की, "हां, शे. भुरी!" असं शेवटच्या गायीपर्यंत. शे म्हणजे आहे. कॉम्प्युटरला ऐकू येत नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. वेडा नव्हता तो. त्याचा बाप गावाची गुरं वळायचा. दावं सोडायच्या आधी प्रत्येक गायीला नावाने हाक मारायची, अंगावरून हात फिरवायचा, मग सोडायचं. तेवढं एकच काम तो बापाच्या हाताखाली नीट शिकला होता, ते त्याने कॉम्प्युटरला लावलं.

मेहताजी चिडायचे. "रोज सवारे आ शुं नाटक मांड्युं छे? दुनियाभरमां आ बधुं आपोआप चालू थाय!"

त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं. आमच्या अहिराणीत म्हणायचा, "आपोआप तर तनच उगस." आपोआप उगवतं ते तण. मेहताजींना अहिराणी कळायची नाही, पण शिवी असावी असं वाटायचं.

हातांना त्याच्या कधी विसावा नसायचा. प्रिंटरच्या कागदाला दोन्ही कडांना भोकांची पट्टी असते, ती फाडून टाकावी लागते. त्या पट्ट्या तो गोळा करायचा आणि बोलता बोलता त्यांचा पीळ घालून दोऱ्या वळायचा. चांगल्या मजबूत वळायचा. धाकटा शेठ समोर उभा राहून रागावत असला तरी याची दोरी चालूच. मी त्या दोऱ्यांनी माझा झाडू बांधायचे.

पोळ्याला तर कहर. सुरतेत पोळा कोणाला ठाऊक? त्या दिवशी दुपारनंतर त्याने सगळे कॉम्प्युटर बंद केले, प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं आणि ढवळीच्या डोक्यावर झेंडूची माळ ठेवली. म्हणाला, आज जुंपायचं नाही. मी म्हटलं, "भाऊ, पोळा बैलांचा. या तुमच्या गायी." म्हणाला, "राबते ते बैलच." धाकटा शेठ आला, माळ बघितली, आणि देवाचं काही असेल असं समजून हात जोडून निघून गेला. मेहताजींनी कपाळावर हात मारला. संध्याकाळी सगळं काम पुन्हा चालू करताना झेंडूची एक पाकळी पंख्यात अडकली आणि ढवळी कण्हायला लागली. ती काढायला त्याला घामाची आंघोळ झाली. पुढच्या वर्षापासून माळ बंद, हळद-कुंकू चालू.

आता हसू येतं. पण या हाकांपायी त्याने घरचं जे करून ठेवलं, त्याचं मला कधी हसू आलं नाही.

बायको त्याची लवकर गेली. दोन्ही मुली गावाला भावाकडे वाढल्या. थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा तो रजा घेऊन गेला. हळदीच्या दिवशी इथे लाईट गेली, आली, आणि सगळं ठप्प. मेहताजींनी त्याच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावला. हा पठ्ठ्या अंगाची हळद न धुता एस.टी.त बसला आणि सुरतेला आला. ढवळीला उठवलं आणि उलट्या पावली निघाला, पण पोचला तेव्हा वरात निघून गेली होती. कन्यादान भावाने केलं. थोरली त्यानंतर बापाशी बोलली नाही.

मला त्याने हे रिक्षात सांगितलं, हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" तर दांडी धरून बाहेर बघत बसला. आता त्याला काय वाटत होतं ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही.

मग धाकटीचं ठरलं. धाकटीने निरोप पाठवला, तोही काकाच्या तोंडून: मध्येच उठून जायचं असेल तर आप्पांनी येऊच नये. आधीच सांगावं, काकाच उभे राहतील.

त्या दिवशी त्याने चहा अर्धाही घेतला नाही. काचेच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. मी कप उचलायला गेले तेव्हा म्हणाला, "आक्का, ढवळीला आपोआप उठायला शिकवावं लागणार."

"मग शिकवा की. मेहताजी केव्हाचे म्हणताहेत."

"गाय एकटी गोठ्यात यायला शिकली की गुराख्याला कोण विचारतं?"

हे त्याला तेव्हाच दिसत होतं, आणि तसंच झालं, ते इथेच सांगून टाकते. लग्नानंतर दिवाळीच्या आधी धाकट्या शेठने त्याला गोड बोलून सांगितलं की आता रोज यायची गरज नाही, काही अडलं तर बोलावू. काही अडलं नाही. तो इच्छापोरला दुसऱ्या कारखान्यात लागला, तिकडेच राहायला गेला. आमच्या गल्लीतला एक जण तिथे कंत्राटावर होता, तो सांगायचा की तिथल्या कॉम्प्युटरांनाही नावं आहेत, म्हशींची. म्हणजे बरा असणार.

पण तेव्हा लग्न तोंडावर आलं होतं आणि ढवळी काही शिकत नव्हती. सुरू होताना कॉम्प्युटर एकामागून एक कामं करतो. त्या रांगेत नेम सर्व्हरचं नाव लिहून ठेवायचं, की तो आपला आपण चालू होतो. एवढंच काम. त्याने ते लिहिलं. पारखायचं कसं, तर लाईट घालवून. तो उठायचा आणि भर कामात ऑफिसचा मेन स्विच खाली ओढायचा.

पहिल्यांदा ओढला तेव्हा मेहताजींचं अर्धं लिहिलेलं बिल गेलं. दुसऱ्यांदा धाकटा शेठ फोनवर बोलताना पंखा बंद झाला. तिसऱ्यांदा मेहताजी स्विचपाशी स्टूल टाकून बसले आणि म्हणाले, "हवे हाथ लगाड तो जो." म्हणजे आता हात लावून तर बघ. तेव्हापासून तो आधी ओरडायचा, "ओढतो रे!" आणि सगळे जिवाच्या आकांताने आपापलं काम साठवायचे.

लाईट यायची, ढवळी घुरघुरत उठायची, आणि नेम सर्व्हर मुका. कपिली विचारा, उत्तर नाही. भुरी विचारा, उत्तर नाही. हाताने चालू केला की लगेच सगळ्या हजर. आपोआप, तर मुका. पुन्हा ओढा, पुन्हा तेच. त्याला झोप लागेना. दाढी वाढली. दोऱ्या इतक्या वळल्या की मी ऑफिसातले सगळे पडदे त्यांनी बांधून ठेवले.

"मी करतो तेच तिला लिहून दिलंय," तो मला म्हणायचा. "अक्षर न अक्षर तेच. मी केलं तर होतं, ती करते तर होत नाही. माझ्या हातात असं काय आहे?"

"गर्व," मी म्हटलं. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

"रांगेत सगळ्यात पहिलं तेच ठेवलंय. घरात थोरली बाई आधी उठते, मग बाकीची. म्हणून ढवळी आधी तेच करते. आणखी काय मान द्यायचा?"

लग्नाला जायचं अगदी जवळ आलं आणि तिकडे काकाचा फोन, नक्की काय ते कळवा, नाहीतर पत्रिकेप्रमाणे आम्ही उरकतो. याने कळवलं नाही. त्याच सुमाराला एका सकाळी तो माझ्याकडे नेहमीपेक्षा फार लवकर आला. मी घरी नव्हते, नळावर होते. आमच्याकडे पाणी पहाटे यायचं आणि रांग मोठी. मी हंडे घेऊन परतले, आवरलं, दारात त्याची वाट बघत उभी राहिले. आला नाही. उशीर झाला, एकटीच रिक्षा धरून गेले, तर हा ऑफिसात माझ्याआधी हजर आणि उलट मलाच विचारतो, "आक्का, आज कुठे होता?"

माझा पारा चढला. "मी कुठे होते? तुम्ही मला न घेता कसे आलात?"

"हाक मारली मी. दोनदा मारली. तुम्ही ओ दिली नाही. मग निघालो."

"मी नळावर होते! घरात कोणी नसताना हाक मारली तर ओ काय भिंती देणार? जरा दम नाही तुम्हाला. घटकाभर थांबायचं, नाहीतर पुन्हा यायचं. एकदा हाक मारली, ओ आली नाही की चालले. मी तिकडे दारात उभी वेड्यासारखी."

मी आणखी बरंच बोलले असते, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. हातातली दोरी खाली पडली होती. मग चप्पल न काढता काचेच्या खोलीत गेला. चप्पल न काढता, म्हणून मी मागोमाग गेले, मला वाटलं काही झालं याला.

बोटं चालवत होता आणि बडबडत होता. "चुकलो. थोरली आधी उठते ते बरोबर, पण उठल्या उठल्या हाका नाही मारत. आधी दारं उघडते. तारा जाग्या व्हायच्या आत ही हाक मारून बसते आहे. ओ कोण देणार? मग दिवसभर तोंड मिटून बसते. मी येतो तोवर तारा जाग्या झालेल्या असतात, म्हणून माझ्या हाताला यश." त्याने नेम सर्व्हरला रांगेच्या डोक्यावरून काढून तारा जाग्या करायच्या कामाच्या मागे ठेवलं. मग ओरडला, "ओढतो रे!"

मेहताजींनी या वेळी स्वतःच ओढला.

लाईट आली. ढवळी घुरघुरली. तो हात पाठीमागे बांधून उभा होता, बोटं बोटांत इतकी आवळलेली की पांढरी पडली होती. मेहताजींनी आपल्या टेबलावरून कपिली टाईप केलं आणि कपिली हजर झाली. हाक कोणी मारली नव्हती.

ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो काचेच्या खोलीबाहेर आला, चप्पल पायात आहे हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं, ती काढली, आणि आता काढून काय करायचं ते कळेना म्हणून पुन्हा घातली.

जाताना मला म्हणाला, "काही करायचं नाही, आक्का. कोणाला हातही लावू देऊ नका."

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारचा होता. लाईट गेली ती बरोबर त्याच्या जरा आधी. तीही आमच्या स्विचने नाही, अख्ख्या रस्त्याची. त्याच आठवड्यात आणलेला बॅटरीचा डबा होता, तो चहा उकळेपर्यंतही टिकला नाही. गेटवर टेम्पो भरून उभा, रिंग रोडचा व्यापारी ऑफिसात येऊन बसलेला, माल आजच हवा म्हणून मेहताजींचं डोकं खात होता. मेहताजींच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली अजून तो गावच्या किराणा दुकानाचा नंबर होता, मागच्या लग्नातला. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि दुसरा हात फोनकडे नेला.

मी फोनवर हात ठेवला.

"मासी, तुं चा बनाव."

"लाईट नाही आली अजून. फोन कशाला करता?"

"आवशे ने नहीं चाले तो? अत्यारथी कही राखीए, तो ए नीकळी तो जाय."

"आत्तापासून सांगितलं तर तो निघेल, हेच तर नको आहे. लाईट येऊ द्या. मशीन उठू द्या. नाही उठली तर मग बघू."

"आ तारी पेढी छे?" व्यापाऱ्यासमोर एका चहावालीने हात धरावा, याचा त्यांना राग आला. येणारच. मी हात काढला नाही. फोन मांडीवर घेतला आणि हाक्याच्याच खुर्चीवर जाऊन बसले. पिशवी नव्हती ना आज तिच्यावर.

मेहताजी उठले, बसले, पुन्हा उठले. व्यापारी घाम पुसत होता. मलाही चैन नव्हतं, खुर्ची आपोआप इकडून तिकडे फिरत होती.

लाईट आली. पंखे फिरले. काचेच्या खोलीत ढवळी घुरघुरली, मग बाकीचे एकेक पडदे उजळले. मेहताजी कपिलीसमोर उभेच होते. त्यांनी टाईप केलं. वाट बघितली. आणि प्रिंटर खडखडायला लागला. चलान निघालं, दोन्ही कडांच्या पट्ट्यांसकट.

मेहताजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "हवे तो चा बनाव."

मी उठते तोच मांडीवरचा फोन वाजला.

"आक्का? तुम्ही कसा उचलला?" मागे वाजंत्री इतक्या जोरात की त्याला ओरडावं लागत होतं. "लाईट गेली का?"

"भाऊ, मुहूर्त केव्हाचा आहे?"

"आत्ताचाच. अंतरपाट धरतायत. दुकान मांडवाला लागूनच आहे, म्हणून आलो. गेली होती का लाईट?"

"गेली आणि आली."

"ढवळी?"

"उठली."

"कपिली? भुरी?"

"सगळ्या."

मग त्याने हळू विचारलं, वाजंत्रीत जेमतेम ऐकू आलं. "कोणी हाक मारली?"

मेहताजींनी काहीतरी बटण दाबलं, असं सांगता आलं असतं. त्याला बरं वाटलं असतं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही, भाऊ."

तेवढ्यात तिकडून बाईमाणसाचा आवाज आला, लांबून, रागावलेला. "आप्पा! ओ आप्पा!" मग पुन्हा, अजून जवळून, "आप्पा!"

"कोण हाक मारतंय?"

"थोरली," तो म्हणाला. "माझी थोरली."

"मग ओ द्या ना! माझ्याशी काय बोलत बसलात?"

तो "ओ" म्हणून इतक्या जोरात ओरडला की माझा कान बधिर झाला. फोन त्याने ठेवलाच नाही. तसाच टाकून पळाला असणार, कारण पोत्यावर काहीतरी आपटल्यासारखं झालं आणि मग मला तिथलं सगळं ऐकू यायला लागलं.

मेहताजींनी हात पुढे केला. "मासी, मूकी दे हवे."

मी ठेवला नाही. मंगलाष्टकं शेवटपर्यंत ऐकली. भटजीचा आवाज चांगला होता.